सुटे तारे

दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात तेव्हा त्यांतले तारे मात्र एकमेकांवर आदळत नाहीत. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. त्याचा सर्वांत जवळचा शेजारी ४.२ प्रकाशवर्षांवर, म्हणजे जवळपास ४० लाख कोटी किलोमीटरवर. या अंतरात सूर्य ओळीनं मांडायला घेतले तर तीन कोटींच्या घरात लागतील. एवढ्या मोकळ्या जागेतून दुसरी अख्खी दीर्घिका आरपार निघून जाते आणि ताऱ्याला ताऱ्याचा धक्का लागत नाही.

तरी दोन्ही दीर्घिका मोडतात. माणसं सगळी शाबूत आणि घर मोडलेलं, असं हे मोडणं असतं.

अशा मोडलेल्या घरांतून सुटलेल्या ताऱ्यांबद्दल मला लिहायचं आहे. दीर्घिकांचे मोठाले समूह असतात. एकेकात शेकडो, कधी हजारांवर दीर्घिका. त्या एकमेकींजवळून जातात, एकमेकींना ओरबाडतात, मोठ्या लहानांना गिळतात. यातून जे तारे कुठल्याच दीर्घिकेचे राहत नाहीत ते मधल्या अंधारात फिरत राहतात. त्या सगळ्यांचा मिळून एक मंद, पसरलेला उजेड असतो. तो आपल्याला फार उशिरा दिसला. दिसल्यावर मात्र त्यानं पुष्कळ सांगितलं.

*

तोडणारं बल आपल्या ओळखीचं आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला कमी. या फरकामुळे कोकणातल्या खाड्या दिवसातून दोनदा भरतात. हाच फरक एका दीर्घिकेतले तारे दुसरीच्या दिशेनं उपसून काढतो. ओढ सगळ्यांवर सारखी असती तर सगळे मिळून सरकले असते, कुणीही सुटलं नसतं.

ओढ हलवते. ओढीतला फरक तोडतो.

*

आधी सुटतात ते कडेचे. केंद्राजवळचा तारा खोलात असतो, त्याला वर काढायला फार बळ लागतं. कडेचा आधीच काठावर उभा असतो. त्याला धरणारा हात पहिल्यापासून सैल.

खुज्या दीर्घिकांना तर केंद्र आणि कड असा फरक करण्याइतकीही सवलत नसते. त्या सबंधच्या सबंध उसवतात. समूहातल्या सुट्या ताऱ्यांत अशा संपून गेलेल्या लहान दीर्घिकांचे तारे पुष्कळ आहेत. ज्या दीर्घिकेतून ते आले ती आता कुठेच नाही. ताऱ्यांच्या रंगावरून आणि त्यांच्यातल्या जड मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून तिचा अंदाज तेवढा करता येतो.

*

जितका वेग जास्त तितकी मोडतोड जास्त, असं कुणालाही वाटेल. इथे उलट आहे.

मोठ्या समूहात दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं धावतात. दीर्घिकेच्या आत तारे फिरतात ते सेकंदाला दोनेकशे किलोमीटरनं. शेजारीण इतक्या झटक्यात निघून जाते की ताऱ्यांना तिच्या ओढीला उत्तर द्यायलाच सवड मिळत नाही. थोडी थरथर होते, कडेचे काही सुटतात, बाकीचं घर सावरतं. खरी पडझड लहान गटांत होते. तिथे चार-पाच दीर्घिका सावकाश एकमेकींभोवती फिरत असतात आणि प्रत्येक ओढीला आपलं काम पुरं करायला वेळ मिळतो. असे गट पुढे मोठ्या समूहात येऊन पडतात तेव्हा त्यांचे कितीतरी तारे आधीच सैल झालेले असतात.

धावत गेलेला धक्का देऊन जातो. रेंगाळणारा तोडतो.

हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत खरं वाक्य वाटतं, आणि ते गणितातून निघालेलं आहे.

*

१९४१ साली, युरोपात युद्ध पेटलेलं असताना, स्वीडनमध्ये लुंड इथे एरिक होल्मबर्ग यांनी ७४ दिवे घेतले. ३७ दिव्यांची एक दीर्घिका, ३७ दिव्यांची दुसरी. संगणक तेव्हा नव्हते. पण प्रकाशाचा नियम आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम एकाच चालीचा आहे: अंतर दुप्पट झालं की परिणाम चौथाई. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी चहूबाजूंनी येणारा उजेड प्रकाशघटानं मोजायचा, त्याला ओढ समजायचं, त्या हिशेबानं दिवा थोडा सरकवायचा, आणि पुन्हा सगळं मोजायचं. पायरीपायरीनं दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या आणि त्यांचे आकार ताणले गेले.

अंधाऱ्या खोलीत दिवे सरकवत बसलेल्या त्या माणसाविषयी मला अपार आदर वाटतो. जे घडायला कोट्यवधी वर्षं लागतात ते त्यानं हाताच्या अंतरावर आणलं, आणि तेही उजेडालाच वजनाचं काम देऊन.

*

तीस वर्षांनी संगणक हाताशी होते. १९७२ साली आलार आणि युरी टूमरे या दोन भावांनी आदळणाऱ्या दीर्घिकांची गणितं मांडली. काही दीर्घिकांना लांबलचक शेपट्या असतात, काहींच्या मध्ये ताऱ्यांचे पूल असतात. या शेपट्या गुरुत्वाकर्षणाखेरीज दुसऱ्या कशानं तरी होत असाव्यात, असं अनेकांना वाटत होतं. टूमरे बंधूंनी दाखवलं की दुसरं काही लागत नाही. एक जवळची भेट, भरतीचं बल आणि वेळ एवढं पुरतं.

हे भाऊ मूळचे एस्टोनियाचे. कुटुंब १९४४ साली निर्वासित होऊन जर्मनीला गेलं, तिथून १९४९ मध्ये अमेरिकेला. या माहितीचा त्यांच्या गणिताशी संबंध जोडायचा मला अधिकार नाही. पण ती समजल्यापासून ती शेपटीची चित्रं मी पूर्वीसारखी पाहू शकलेलो नाही.

*

काही तारे घर सोडून आलेलेच नसतात.

समूहातल्या दीर्घिकांच्या मधली जागा रिकामी नाही. तिथे अतिशय विरळ आणि कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला आहे. एखादी दीर्घिका वेगानं त्यात शिरली की समोरून वाऱ्यासारखा दाब येतो आणि तिच्यातला थंड वायू मागे उधळला जातो. ताऱ्यांना हा वारा लागत नाही, वायूला लागतो. उधळलेल्या वायूत पुढे गाठी बनतात आणि त्या गाठींतून नवे तारे पेटतात. ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेच्या मागे हबल दुर्बिणीला असे निळे धागे दिसले. जेलीफिशचे तंतू लोंबावेत तसे दिसतात म्हणून अशा दीर्घिकांना तेच नाव पडलं.

त्या धाग्यांतले तारे वाटेवर जन्मले. त्यांना आठवायला घर नाही.

*

फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली अरुंधती केश तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या मोठ्या समूहाचे वेग तपासले. तो आपल्यापासून सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. दीर्घिका इतक्या वेगानं फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन त्यांना बांधून ठेवायला मुळीच पुरलं नसतं. न दिसणारं काहीतरी तिथे असलंच पाहिजे, असं झ्विकी म्हणाले. त्याला त्यांनी कृष्णद्रव्य म्हटलं.

१९५१ साली त्याच समूहाविषयी त्याच माणसानं आणखी एक गोष्ट नोंदवली. दीर्घिकांच्या मध्ये अंधूक, पसरलेला उजेड आहे.

एकाच समूहात, एकाच निरीक्षकाला, जे दिसत नाही ते आणि जे जेमतेम दिसतं ते, दोन्ही सापडलं. पहिल्यावर पुढे हजारो निबंध लिहिले गेले. दुसऱ्याकडे बराच काळ फार थोड्यांनी पाहिलं. याला मी उपेक्षा म्हणणार नाही. पाहायचं कसं, हाच मोठा प्रश्न होता.

*

पृथ्वीवरचं सर्वांत काळोखं आकाशही पुरतं काळं नसतं. वातावरण स्वतः किंचित उजळतं. सूर्यमालेतल्या धुळीवरून ऊन परतून येतं. सुट्या ताऱ्यांचा उजेड या पार्श्वभूमीच्या शंभराव्या हिश्श्याइतका, बाहेरच्या भागात हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

ख्रिस मिहोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अॅरिझोनातल्या किट पीकवरची एक जुनी, लहान दुर्बीण यासाठी निवडली. मोठा आरसा इथे उपयोगाचा नव्हता. आकाशाचा मोठा तुकडा एका वेळी दिसायला हवा होता, आणि दुर्बिणीच्या आत उजेड उसळता कामा नये होता. त्यांनी नळीच्या आतल्या भागाला परावर्तन न होणारा काळा रंग दिला. तेजस्वी ताऱ्यांचा उजेड यंत्रात कसा सांडतो ते मोजलं आणि वजा केलं. रिकाम्या आकाशाची चित्रं घेतली आणि तीही वजा केली. २००५ साली कन्या राशीतल्या दीर्घिका समूहाचं त्यांचं चित्र आलं. एम८७, एम८६, एम८४ या दीर्घिकांच्या भोवती आणि मध्ये ताऱ्यांचे पट्टे, धागे, पूल. सगळा समूह आतून शिवलेला, आणि शिवण उसवत असलेली.

एवढं करूनही फसगत होते. आपल्याच आकाशगंगेतली धूळ कुठे कुठे तसाच अंधूक उजेड दाखवते. ती ओळखून बाजूला काढावी लागते.

दूरचं मंद पाहायचं तर आधी जवळचं तेज वजा करायला शिकावं लागतं, आणि त्यातही आपल्या घरातलं आधी.

*

उजेड हा पुरावा झाला. पण एखादा तारा तरी एकटा, वेगळा ओळखता आला पाहिजे. तोही आला.

सूर्यासारखा तारा मरताना आपली बाहेरची आवरणं सोडतो. ती काही हजार वर्षं उजळत राहतात आणि त्यांतला ऑक्सिजन एका ठरावीक हिरव्या रंगात चमकतो. तेवढाच रंग आत सोडणारी काचेची गाळणी लावली की कोट्यवधी प्रकाशवर्षांवरूनही हा एक ठिपका वेगळा निघतो, आणि रंगाच्या सरकण्यावरून त्याचा वेग कळतो. १९९६ साली माग्दा आर्नाबोल्दी आणि सहकाऱ्यांनी एम८६ जवळच्या अशा ठिपक्यांचे वेग मोजले. एम८६ आपल्याकडे येते आहे. तिच्याजवळ दिसणारे काही ठिपके मात्र आपल्यापासून दूर जात होते. ते तिचे नव्हते. ते समूहाचे होते.

दोन वर्षांनी हेन्री फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. हबलनं त्याच समूहातल्या, दीर्घिका नसलेल्या एका तुकड्याकडे पाहिलं होतं आणि तिथे सुमारे ६०० लाल राक्षसी तारे जास्तीचे निघाले होते. रिकाम्या वाटणाऱ्या जागेत वस्ती होती.

मग मृत्यूही सापडले. आजूबाजूला कुठलीही दीर्घिका नाही अशा जागी फुटलेले अतिनवतारे २००३ मध्ये नोंदले गेले. पुढे हबलनं अशा काही जागा पुन्हा तपासल्या आणि तिथे खरोखरच काही नाही याची खात्री केली. असा तारा फुटला की त्याच्यातलं लोह थेट मधल्या वायूत मिसळतं. समूहांतल्या तप्त वायूत सूर्यातल्या प्रमाणाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकं लोह आहे. त्यातलं बरंचसं दीर्घिकांनी बाहेर टाकलेलं. थोडं या एकट्यांचं.

कुणाचाच नसलेला तारा मरताना जे देतो ते सगळ्यांच्या वाट्याला जातं.

*

युक्लिड ही युरोपीय अवकाश दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी निघाली. तिनं सुरुवातीलाच ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकांचा समूह टिपला. अंतर २४ कोटी प्रकाशवर्षं. वातावरण नाही, आणि एका नजरेत सगळा समूह. २०२४ मध्ये त्यातल्या सुट्या ताऱ्यांचा अंदाज जाहीर झाला: दीड लाख कोटी. समूहाच्या मध्यापासून वीस लाख प्रकाशवर्षांपर्यंत ते पसरलेले आहेत. शिवाय सुमारे ५०,००० गोलाकार तारकागुच्छ, तेही सुटे.

उजेडाचा रंग किंचित निळसर निघाला. म्हणजे यातले बरेच तारे मोठ्या दीर्घिकांच्या कडांवरून आणि लहान दीर्घिकांतून आलेले असणार. कडेचे आणि खुजे. हिशेब जुळतो.

दीड लाख कोटी हा आकडा मोठा वाटतो. जागेनं भागून पाहावा. सगळीकडे सारखे विखुरले आहेत असं धरलं तर एका ताऱ्यापासून दुसरा सुमारे तीनशे प्रकाशवर्षांवर पडतो. आपल्याकडे हेच अंतर चार-पाच प्रकाशवर्षं आहे. सूर्यासारखा तारा साध्या डोळ्यांना पन्नास-साठ प्रकाशवर्षांपलीकडे दिसत नाही. तेव्हा तिथल्या एखाद्या ताऱ्याभोवती ग्रह असेल तर त्याच्या रात्रीला नक्षत्रं नसतील. दूरचे काही लाल राक्षसी तारे असतील आणि धुरकट ठिपक्यांसारख्या दीर्घिका. तिथे कुणी पाहणारा जन्मला तर ‘तारा’ ही कल्पना सुचायलाच त्याला हजारो वर्षं लागतील. आपल्याला जन्मतः मिळालेलं केवढं मोठं आहे, हे अशा वेळी जाणवतं.

*

समूहातल्या एकूण उजेडात सुट्यांचा वाटा किती? कुणी दहा टक्के म्हणतं, कुणी तिसरा हिस्सा. सगळे समूह सारखे नाहीत हे एक कारण. दुसरं कारण हद्दीचं. समूहाच्या मध्यावर बहुधा एक प्रचंड दीर्घिका असते, तिचा उजेड कडेकडे मंद होत जातो आणि कुठेतरी सुट्या ताऱ्यांच्या उजेडात मिसळतो. रेघ कुठे मारायची ते मोजणारा ठरवतो. ताऱ्याला रेघ लागत नाही. तो कुणाच्या ओढीखाली फिरतो एवढंच खरं असतं, आणि ते वेग मोजल्याशिवाय कळत नाही.

आत कोण आणि बाहेर कोण हे चित्रावरून ठरवू नये.

*

१९४३ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी एक गोष्ट गणितानं दाखवली. ताऱ्यांच्या गर्दीतून जड वस्तू जाते तेव्हा तिच्या ओढीनं तिच्या मागे ताऱ्यांची दाटी होते, आणि ती दाटीच तिला मागे खेचते. जड वस्तू वेग गमावत जाते. जितकं वजन जास्त तितका हा अडसर मोठा.

समूहातल्या मोठ्या दीर्घिका याच कारणानं हळूहळू मध्याकडे बुडतात आणि मधलीच्या पोटात जातात. एकटा तारा इतका हलका असतो की त्याला हा अडसर जाणवतही नाही. तो आपल्या कक्षेत फिरत राहतो. बाहेरच्या काठावरून मध्यापर्यंत यायला त्याला साठेक कोटी वर्षं लागतील, मग पलीकडे तेवढीच, मग परत.

दीर्घिकेबरोबर तो बुडतच होता. सुटला म्हणून तरला.

*

माणसाच्या ताटातुटीचा अर्थ मी ताऱ्यावर लादणार नाही. तारा हळहळत नाही. हळहळतो तो पाहणारा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. हळहळ वाटल्याशिवाय इतक्या मंद उजेडामागे कुणी आयुष्य घालवलं असतं असं मला वाटत नाही.

पण एक गोष्ट वस्तुस्थिती म्हणून सांगायची आहे. हे तारे निसटलेले नाहीत. दीर्घिकेनं सोडलं, समूहानं धरलं. दीर्घिकेत होते तोवर त्यांच्यावर तिचा हुकूम होता, आता सबंध समूहाच्या वजनाचा आहे. धाकटं घर सुटल्यावर ते थोरल्या घराचे झाले, आणि थोरल्या घराचा आकार त्यांच्या चालण्यात उमटला.

*

पूर ओसरल्यावर नदीकाठच्या झाडांना वाळलेलं गवत, काटक्या, कापडाच्या चिंध्या लटकलेल्या दिसतात. पाणी कुठवर चढलं होतं ते नदी सांगत नाही. चिंध्या सांगतात.

समूहाचं सुमारे ८५ टक्के वजन कृष्णद्रव्याचं असतं. ते दिसत नाही. त्याची रूपरेषा काढायची कशी? दीर्घिका मोजक्या आणि दूर दूर, त्यांच्यावरून नकाशा विरळ येतो. तप्त वायू क्ष-किरणांत दिसतो, पण दोन समूह आदळले की वायू वायूला अडतो, तापतो, मागे राहतो. कृष्णद्रव्य न अडता पुढे निघून जातं. तारेही तसेच न अडता जातात. २०१९ मध्ये मिरेया मोंटेस आणि इग्नासिओ त्रुहियो यांनी हबलनं टिपलेल्या सहा समूहांत हे तपासलं. सुट्या ताऱ्यांच्या उजेडाची बाह्यरेषा कृष्णद्रव्याच्या बाह्यरेषेशी जुळली, वायूच्या रेषेपेक्षा चांगली जुळली.

झ्विकींच्या दोन नोंदी इथे एकमेकींना भेटल्या. १९३३ च्या प्रश्नाची खूण १९५१ च्या उजेडात होती.

ययातीच्या समूहातही असंच काही दिसलं. तिथली सर्वांत तेजस्वी दीर्घिका एनजीसी १२७५. सुटे तारे तिच्याभोवती जमलेले असतील असं कुणीही धरलं असतं. त्यांचा मध्य मात्र ती आणि तिची शेजारीण एनजीसी १२७२ यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. समूहात अलीकडे काही मोठी उलथापालथ झाल्याची ही खूण मानली जाते. सर्वांत तेजस्वी ती मध्यवर्ती, असं सुट्या ताऱ्यांनी मानलं नाही. त्यांनी वजन ओळखलं.

*

एक शंका राहते. हे सगळं सावकाश झालं असेल तर जुन्या काळच्या समूहांत सुटे तारे कमी असायला हवेत. २०२३ मध्ये ह्युंगजिन जू आणि जेम्स जी यांनी दूरच्या दहा समूहांची हबलची चित्रं तपासली. त्यांतल्या काहींचा प्रकाश जवळपास हजार कोटी वर्षांपूर्वी निघालेला. तिथेही सुट्यांचा वाटा आजच्यासारखाच आढळला. म्हणजे पुष्कळशी मोडतोड समूह घडत असतानाच होऊन गेली होती.

याचा मला धक्का बसला होता, आणि अजून तो पुरता ओसरलेला नाही. आधी घरं वसली, सुखानं नांदली, मग मोडली, असा क्रम मी मनात धरला होता. निसर्गात बांधणं आणि मोडणं एकाच वेळी चालू होतं. जमणाऱ्यांबरोबर सुटणारेही पहिल्या दिवसापासून होते.

*

आपली आकाशगंगा मोठ्या समूहात नाही. तिचा गट लहान, आणि त्यात थोरल्या दोघीच: ती आणि देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर, आपल्याकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरनं येणारी. ही टक्कर ठरलेलीच आहे असं अनेक वर्षं लिहिलं गेलं. २०२५ च्या एका अभ्यासात पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच निघाली. ती मुदत संपण्याआधी सूर्य लाल राक्षसी होऊन विझलेला असेल.

आकाशगंगेनं स्वतः मात्र बऱ्याच जणींना गिळलेलं आहे. धनू राशीच्या दिशेची एक खुजी दीर्घिका १९९४ साली सापडली. तिचे तारे आकाशगंगेभोवती लांबलचक पट्ट्यांत ओढले गेले आहेत आणि आजही ओढले जात आहेत. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी विरलेल्या आणखी एका दीर्घिकेचे तारे २०१८ मध्ये त्यांच्या चालीवरून ओळखू आले. आपल्या भोवतीच्या विरळ प्रभामंडळातले पुष्कळ तारे असे बाहेरून आलेले आहेत. ज्या आकाशाला आपण आपलं म्हणतो त्यात परक्या घरांचे दिवे मिसळलेले आहेत आणि ते वेगळे दिसत नाहीत.

*

यातलं काही डोळ्यांनी पाहायचं असेल तर मे महिन्याच्या मध्याला, रात्री दहाच्या सुमारास, गावाबाहेर दक्षिणेकडे मोकळं क्षितिज असेल अशा जागी जावं. डोक्यावर, किंचित पश्चिमेकडे, उत्तरा नक्षत्र आणि कन्या राशीतले तारे यांच्या मध्ये कन्या समूह आहे, ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर. साध्या डोळ्यांना तिथे काही दिसणार नाही. लहान दुर्बिणीत एम८४ आणि एम८६ हे दोन धुरकट ठिपके शेजारी शेजारी दिसतील. सुटे तारे त्यांच्या अवतीभवती आहेत.

मग चित्रा शोधावी आणि तिथून नजर सरळ खाली दक्षिण क्षितिजाकडे न्यावी. पुण्याहून पाहिलं तर क्षितिजापासून साधारण २४ अंश वर, नरतुरंग तारकासमूहात, एक पुसट, किंचित पसरट तारा दिसतो. त्याला ताऱ्याचंच नाव मिळालं, ओमेगा सेंटॉरी. १६७७ मध्ये एडमंड हॅली यांनी तो धुरकट असल्याचं नोंदवलं. तो गोलाकार तारकागुच्छ आहे, सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवर, आणि एका खुज्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. तिचे बाहेरचे तारे आकाशगंगेनं केव्हाच सोडवून नेले. २०२४ मध्ये हबलच्या वीसेक वर्षांच्या चित्रांतून त्याच्या मध्यावरचे सात वेगवान तारे सापडले. त्यांच्या वेगावरून तिथे किमान ८,२०० सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असल्याचा निष्कर्ष निघाला. दुर्बीण नसली तरी चालेल. तो साध्या डोळ्यांना दिसतो आणि त्यात सुमारे एक कोटी तारे आहेत.